सडक एकोणीस, क्वार्टर सात-बी

रेलटोली, गोंदिया
१२ जानेवारी

आदरणीय गुलाबभाऊ मेश्राम यायले, पुंडलिक खोब्रागडेचा सप्रेम जयभीम.

वहिनीले जयभीम, सोनूले अन् नव्या सूनबाईले आशीर्वाद. तुमची शुगर ताब्यात असल, वहिनीचे गुडघे थंडीत जास्त त्रास देत नसतील, अशी आशा करतो. आमची तब्येत विचाराल (विचारणार नाही हे मले माहीत आहे, पण पत्रात विचारली असं धरून चालावं लागते) तर पंचफुलाचा पाय आता पुरा बरा आहे, जिना चढते, उतरताना मले शिव्या देते. माझं बीपी गोळीवर आहे अन् गोळी माझ्या आठवणीवर आहे.

आजच्या जमान्यात पत्र कावून, हा प्रश्न तुमाले पडला असल. भाऊ, फोन करून पाहिले. दर वेळी ती रेकॉर्डवाली बाईच बोलते. शेवटी तुमच्या मोहन नगरच्या चुलतबहिणीनं, म्हणजे आपल्या ललितानं सांगितलं की सोनूनं तुमच्या मोबाईलात माझा नंबर ब्लॉक करून देल्ला. म्हणून पोस्ट धरली. पोस्टमनले ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही. एकच विनंती आहे. पत्र फाडायचंच असल तर पुरं वाचून मग फाडा.

भांडण काय आहे ते तुमाले मी काय सांगू, पण एकदा कागदावर उतरवलं म्हणजे मले बरं वाटते. गार्डाले ड्यूटी संपल्यावर सगळं लिहून द्यावं लागते. (आता गार्डाले ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी रिटायर झाल्यावर नाव वाढवलं, माझ्या नशिबात नव्हतं.) तर मे महिन्यात तुमच्या सोनूचं लग्न झालं. पंचफुला सोनूची एकुलती आत्या. लग्नाच्या आठ दिवस आधी ती अंगणात घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, म्हणून मी एकटाच आलो. मी म्हणतो आलो. तुमी म्हणता जवाई आलेच नाहीत. मी घरी परतून पंचफुलाले सांगितलं, तुझ्या भावानं मले पाणीसुद्धा विचारलं नाही. तिनं तुमाले फोन लावला. तुमी म्हणाले, तुझ्या नवऱ्यानं मांडवात पाय ठेवला नाही. ती म्हणाली, माझा नवरा छत्तीस वर्षं गार्ड होता, त्यानं खोटा रिपोर्ट कधी देल्ला नाही, खोटं तूच बोलून राहिला दादा. तुमी फोन ठेवून देल्ला. त्याले आता आठ महिने झाले.

आता जरासाक दम धरा, मले तुमच्या गावाविषयी बोलू द्या, त्याच्याशिवाय पुढची गोष्ट समजत नाही. गुलाबभाऊ, भिलाई मले मनापासून आवडते. रस्ते रुंद, झाडं मोठी, एका सडकेवर तेलुगू, मल्याळी, बंगाली, सरदार, छत्तीसगढी अन् आपण, सगळे एकमेकाच्या घरची कढी खाऊन मोठे झालेले. तिथं माणसाले आडनाव विचारत नाहीत, स्टील प्लांटात कोणत्या डिपार्टमेंटचा ते विचारतात. कोक ओव्हनवाला, रेल मिलवाला. मी रेल्वेचा म्हटलं की लगेच बसायले खुर्ची येते, कारण आमच्या गाड्या ज्या रुळावरून धावतात ते रूळ तेच बनवतात, अन् सोयरीक जुळल्यासारखं त्यायले वाटते. पण ज्यानं कोणी तुमच्या टाउनशिपचा नकाशा काढला त्यानं एकच काढला अन् सुट्टीवर निघून गेला. तेच क्वार्टर, तेच मेंदीचं कुंपण, गेटजवळ तोच मुनगा (शेवगा म्हटलं तर तिथं कोणाले समजत नाही), वरांड्यात तीच सायकल. रस्ता विचारला तर सांगतात, पाण्याच्या टाकीपासून दुसरी सडक. आता टाकी कोणत्या सेक्टरले नाही?

आमच्या गोंदियात पत्ता म्हणजे अमक्याच्या आटाचक्कीमागं, तमक्याच्या म्हशी बांधतात तिथं. तुमच्याकडं पत्ता म्हणजे तीन आकडे. सेक्टर, सडक अन् क्वार्टर. सडक एकोणीस, क्वार्टर सात-बी, हे दोन मले तोंडपाठ होते. सेक्टरचं पंचफुला पलंगावरून सांगून राहिली होती, पण बत्तीस वर्षं जुन्या जवायाले सासुरवाडीचा पत्ता सांगते म्हणजे काय, म्हणून मी मले माहीत आहे म्हणत चपला घातल्या. लग्नाची पत्रिका फ्रीजवर राहिली. खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांत दर वेळी मी तिच्यामागं बॅग घेऊन चाललो. रस्ता पाहायचं काम तिचं होतं. पॉवर हाऊस स्टेशनले उतरून ऑटोवाल्यानं सेक्टर विचारला तेव्हा मी छातीठोक म्हटलं, दोन.

भर दुपारचं लग्न. सडकेवर आडवा मांडव, तथागताचा अन् बाबासाहेबांचा फोटो, गेटवर झगमगीत पाटी, मेश्राम परिवार आपका हार्दिक स्वागत करता है. मनात म्हटलं, पोचलो बापा. पंचफुलानं सोनूसाठी देल्लेला स्टीलचा गुंड (पाणी भरायचा, मोठा, त्याच्यावर मशीननं नाव टाकून घेतलं होतं, चि. राजकुमार यास आत्या पंचफुलाकडून, कारण सोनू हे नाव भांड्यावर शोभत नाही म्हणे) भेटवस्तूच्या टेबलावर ठेवला. मोबाईल बंद करून खिशात टाकला, ड्यूटीवरची सवय. मग पाहिलं तर घरचं कोणी सामोरं आलं नाही. आता भाऊ, तुमीच सांगा. घरचा एकुलता जवाई, तो काय लोकायले विचारत फिरल का, गुलाबराव कुठं आहेत, मी आलो म्हणून? मान मागून घेत नसतात. मी सरळ पहिल्या ओळीतल्या सोफ्यावर जाऊन बसलो अन् म्हटलं, येतील अन् हात जोडतील.

स्टेजवरच्या पोराले दाढी होती. सोनूले मी सात वर्षांआधी पाहिलं, तो पुण्याले शिकायले निघाला तेव्हा, त्याले धड मिशी फुटली नव्हती. आजकाल सगळ्याच नवरदेवायले दाढी असते, म्हणून शंका आली नाही. पाहुणे मात्र भल्ले अदबीचे होते. एक जण येऊन पाया पडला. एकानं माईकवर काहीतरी पुकारलं अन् माझ्या अंगावर शाल घातली. एका पोरीनं गुलाबजाम आणून देल्ले. मी दोन खाल्ले (पंचफुला जवळ असती तर एक, पत्र तिच्या हाती पडणार नाही म्हणून खरं लिहितो, पाच). तुमी काही आले नाही. मले वाटलं, गुलाबरावानं मान दुसऱ्याच्या हातानं पाठवला, स्वतः तोंड दाखवायले सवड नाही. चार वाजेपर्यंत बसलो, दर अर्ध्या तासाले माझा राग वाढत गेला, अन् संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो.

घरी पंचफुला पाय उशीवर ठेवून वाट पाहून राहिली होती. दादा काय म्हणे, सोनू कसा दिसते, वहिनीनं कोणतं लुगडं नेसलं. मी एकच वाक्य बोललो, तुझ्या भावानं मले पाणीसुद्धा विचारलं नाही. भाऊ, हे वाक्य अक्षरशः खरं होतं. तिच्या भावानं नव्हतंच विचारलं. शाल मी ट्रंकेत सगळ्यात खाली दडवली, कारण शालीचं सांगितलं असतं तर वाक्यात दम राहिला नसता. पुढचं तुमाले माहीतच आहे.

आता डिसेंबरचं सांगतो. ललिताचा फोन आला की गुलाबदादा एकतीस जानेवारीले रिटायर होऊन राहिले, क्वार्टर कंपनीले परत करून पुण्याले सोनूजवळ चालले. पंचफुलानं बरं म्हटलं अन् फोन ठेवला. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, मी मुकाट्यानं खाल्लं. ते क्वार्टर आधी बाबांचं, मग तुमच्या नावावर झालं. ती तिथंच जन्मली, तिथंच आमचं लग्न लागलं. तिचं माहेर म्हणाल तर तेवढंच. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मले विचारते, रिकामं क्वार्टर बाहेरून पाहू देतात का हो? भाऊ, मी उठून मागच्या अंगणात गेलो.

तवा मी ठरवलं की आपण जायचं अन् तुमच्याकडून माफी घ्यायची. (हो, तुमच्याकडून. तोपर्यंत मी बरोबर होतो.) पेन्शनच्या कामानं दुर्गले चाललो असं घरी सांगितलं अन् मागच्या सोमवारी भिलाई गाठली. ऑटो करून बरोबर त्याच घरी गेलो. वाक्य तयार होतं, बोलवा गुलाबरावाले. दार एका वयस्क बाईनं उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं, अन् माझं वाक्य निघायच्या आधी आत आवाज देल्ला, प्रफुल, ये रे, अल्बमवाले बाबा आले. आतून एक दाढीवाला पोरगा धावत आला अन् म्हणे, अंकल, आप कहाँ चले गये थे, आमी तुमाले आठ महिने झाले ढूंढून राहिलो.

बाईचं नाव तुळसाबाई मेश्राम. त्यायनं मले खुर्चीत बसवलं अन् अल्बम मांडीवर ठेवला. चौदा फोटोत मी आहे. नवरीच्या बापासोबत मी, शाल घेताना मी, अन् व्हिडिओत तर गुलाबजाम खाताना मी एकटाच बराच वेळ दिसतो, कारण व्हिडिओवाल्याले वाटलं हेच मुख्य पाहुणे. मुलीकडचे समजले मी मुलाचा मोठा काका. मुलाकडचे समजले मी मुलीकडचा कोणी बडा साहेब. सून समृद्धी, ती बिचारी सांगे की तिनं रोज सकाळी त्या गुंडावरचं नाव वाचलं अन् रोज विचार केला, ही पंचफुला आत्या आहे तरी कोण, अन् आमच्यायचं नाव राजकुमार कधीपासून झालं. गुंड सैपाकघरात ओट्यावर होता, नाव पुढं करून. मी पाणी मागितलं. त्यायनं त्याच्यातलंच देल्लं. पाणी पिऊन मी हळूच विचारलं, ही सडक एकोणीसच ना? हो म्हणे. सात-बी? हो. सेक्टर? दोन, म्हणे. अन् तुमी राहता सेक्टर चारले.

मले वाटलं होतं ते हसतील. प्रफुल हसला, समृद्धी हसली, तुळसाबाई काही हसल्या नाही. त्यायचा नवरा लवकर गेला, प्रफुलले त्यायच्या मोठ्या दिरानं, चंपतरावानं बापासारखं वाढवलं. पहिल्या ओळीतला सोफा चंपतरावासाठी होता. मुलीकडच्यायनं शाल चंपतरावासाठी आणली होती. तो माणूस हथखोजच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानातून नवे कपडे घालून आला तर त्याच्या जागी मी बसलो होतो. तो मागं उभा राहिला, आपली शाल दुसऱ्याच्या अंगावर पडताना त्यानं पाहिली, न जेवता घरी गेला. तेव्हापासून त्या दारात त्याचं पाऊल नाही. त्याले वाटते, पोरगं मोठं झालं, सासुरवाडीचा साहेब भेटला, काकाची गरज संपली. तुळसाबाईनं हे सगळं सांगितलं अन् मले विनंतीबिनंती काही केली नाही. चपला घातल्या अन् म्हणल्या, चला.

प्रफुलच्या स्कूटरवर मी अन् मागून ऑटोत तुळसाबाई, असे आमी हथखोजले गेलो. रस्ताभर मी भाषण जुळवून राहिलो होतो. टाउनशिपचा नकाशा, पाण्याच्या टाक्या, दाढ्या, सगळे मुद्दे काढले होते. चंपतराव गेटची जाळी जोडून राहिले होते. त्यायनं तोंडावरचा पत्रा वर केला अन् मले ओळखलं. माझं भाषण तिथंच आटपलं. मी एवढंच बोललो, तुमच्या जागेवर मी बसलो होतो, मी चुकीच्या घरी आलो होतो. त्यायनं स्टूल पुढं सरकवून मले बसवलं अन् विचारलं, गुलाबजाम कसे होते? मी म्हटलं, चांगले होते. त्यायनं डोळे पुसले. (वेल्डिंगवाल्याचे डोळे तसेही लाल असतात, पण हे ते नव्हतं.) दुकान बंद करून ते आमच्यासोबत सेक्टर दोनले आले, दारात जरासे थांबले, मग आत आले. समृद्धीनं सगळ्यायले सोबत वाढलं.

गुलाबभाऊ, अनोळखी माणसाची माफी मागायले मले अर्धा मिनिट लागला. म्हणून मी हिंमत केली. उजेड होता तोवरच प्रफुलनं मले तुमच्या सडकेच्या कोपऱ्यावर सोडलं, या वेळी सेक्टर चार, पाटी दोनदा वाचली. मी तुमच्या गेटपर्यंत आलो होतो. तुमी वरांड्यात बसून भांड्यांचा खोका सुतळीनं बांधून राहिले होते अन् वहिनी गाठीवर बोट धरून बसली होती. मले ललिताचं बोलणं आठवलं, की सोनूच्या लग्नात तुमी जवायासाठी पुढचा सोफा धरून ठेवला होता, बसेल त्याले उठवत होते, सगळ्यायची जेवणं होईपर्यंत. माझा हात कडीवर होता, पण कडी काही वाजवता आली नाही. परक्याजवळ सहज निघालेलं वाक्य आपल्या माणसाजवळ निघालं नाही, अन् मी स्टेशनले परत आलो.

तर ते वाक्य इथं लिहितो. मी चुकलो. तुमी खरं बोलत होते. पंचफुलाही खरंच बोलत होती, तिले जे सांगितलं तेच ती बोलली. तुमा दोघांच्या मधात खोटं असा मी एकटा होतो, अन् तेही रागापायी. मले माफ करा. तुमच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाले बोलावलं तर येईन अन् मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसीन. नाही बोलावलं तरी राग नाही.

वहिनीले परत एकदा जयभीम. थंडीत पहाटे फिरायले जाऊ नका, गेले तर कान बांधा.

सेक्टर चुकलेला तुमचा जवाई,
पुंडलिक

ता. क. गुंड परत मागितला, पण तुळसाबाई देत नाही. म्हणे लग्नात आलेलं भांडं घराबाहेर जात नाही. सोनूसाठी नवीन घेतो, नाव टाकून. या वेळी सेक्टरही टाकून घेतो. शाल मी चंपतरावाले टपालानं पाठवली, पत्ता चार जणांकडून तपासून.

ता. क. आणखी एक. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायले घेतलं होतं, वर हिंमत झाली नाही. हे सगळं मी पंचफुलाले सांगितलं नाही. तिनं सख्ख्या भावापेक्षा माझ्यावर भरोसा ठेवला, भाऊ, अन् आता या वयात तो मोडायचा मले धीर नाही. तर तुमी तिले फोन करा अन् एवढंच म्हणा की जवाई आले होते, गर्दीत माझ्याकडूनच दुर्लक्ष झालं. तुमी मोठे आहात, तुमाले शोभून दिसल. तिचं माहेर बंद व्हायच्या आत ती चार दिवस तिथं राहून येईल. तिचं सुख पाहा, माझं पाहू नका. (माझंही थोडंसं पाहा.)

ता. क. हे पत्र वाचून लगेच जाळून टाका.

*

दादा, ह्या खालच्या ओळी माझ्या हातच्या आहेत. पाकिटाले डिंक लावायले यायनं माझ्याजवळच देल्लं. म्हणे विम्याचा कागद आहे. पाकिटावर तुझं नाव होतं, म्हणून मी वाचलं.

मी तुले खोटारडा म्हणली. आईबाबा गेल्यावर मले तू एकटाच होता अन् मी तुलेच म्हणली. फोन करू नको, फोनवर मले रडू येते. मी येत्या शनिवारी येऊन राहिली. क्वार्टर देईपर्यंत राहीन, सामान बांधू लागीन. यायलेही आणते, नाही तर परत कोणाच्या तरी लग्नात जाऊन बसतील.

दोन दिवस झाले, मी यायच्याशी बोलून नाही राहिली. बोलणं कधी चालू करू ते तू सांगशील तसं, आता तू म्हणशील ते खरं. पण लवकर सांग दादा. यायचं तोंड पाहून मले हसू आवरत नाही.

पंचफुला